सात विती पाणी

एक विचारू? अनोळखी पाण्यावर जायचं ठरलं, तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? त्या पाण्यावर जन्म काढलेल्या नावाड्यावर, होडी भाड्याने देणाऱ्यावर, की घडी घातलेल्या कागदावर? नावाडी म्हणतो, "हे काय, इथंच तर आहे," आणि ते 'इथंच' यायला दुपार उलटते. होडी देणारा म्हणतो, होडी नवीन आहे, रंग तेवढा जुना आहे. कागद बिचारा काहीच म्हणत नाही, म्हणून लोक त्याच्यावर विश्वास टाकतात. तो कागद म्हणजे मी. कापडावर चिकटवलेला, सोळा घड्यांचा, कालव्यांचा नकाशा बोलतोय.

माझा जन्म एका कचेरीतला. मला काढणारा माणूस आयुष्यात होडीत बसला नव्हता. मोजणीच्या साखळ्या घेऊन काठाकाठाने फिरणारी माणसं आकडे आणून द्यायची आणि हा खिडकीशी बसून निळी रेघ ओढायचा. पण हात प्रामाणिक. एकदा साहेब म्हणाले, हे वळण जरा सरळ कर, कागदात मावत नाही. तो म्हणाला, "साहेब, कागद मोठा घ्या. पाणी काही माझं ऐकत नाही." त्याच्या त्या हट्टामुळे मी माझ्या भावंडांपेक्षा हातभर लांब झालो, आणि लांब झालो म्हणूनच खपलो नाही. एवढं मोठं धूड कोण उलगडत बसणार? कागदवाल्याच्या खणात मी अकरा वर्षं काढली.

तिथून मी निघालो तोही विकत घेतला म्हणून नव्हे. गावात दोरखंडांचा एक व्यापारी होता. बाजारात त्याला गाठशेठ म्हणत. त्याने मारलेली गाठ सुटत नसे, आणि त्याने गाठलेलं गिऱ्हाईकही सुटत नसे. तो कड्या आणि खिळे बांधायला रद्दी घ्यायला आला, तासभर घासाघीस केली, आणि शेवटी कागदवाल्याने सुटका म्हणून मला गठ्ठ्यावर फुकट टाकलं. दुकानात आल्यावर शेठने मला फाडायला उचललंही होतं. तेवढ्यात मागच्या खोलीतून त्याची बायको आली.

"अहो, थांबा. यावर पाणी आहे. पाण्याची कुठे पुडी बांधतात?"

शेठ हसला. त्या हसण्यावर माझा जीव वाचला.

बाई मागच्या खोलीत होड्यांची छतं शिवायची. जाड कापड, मेणाचा दोरा, शिवणयंत्र, आणि कापड कापायचं एक भलंथोरलं टेबल. होडीवाले थंडीत मापं देऊन जायचे आणि वसंत लागला की छतं घेऊन जायचे. अशी किती छतं तिने शिवली ते तिलाही ठाऊक नव्हतं. एवढं मात्र ठाऊक होतं, की त्यांतल्या एकाही छताखाली ती कधी बसली नव्हती. थंडी ओसरू लागली की ती मला टेबलावर पसरायची. जुन्या गिरणीजवळच्या होडीतळापासून बोट निघायचं आणि कालव्याच्या वळणावळणाने शेवटच्या तळ्यापर्यंत जायचं. "मी शिवलेल्या छताखाली बसून एकदा तिथवर जायचंय," ती म्हणायची. एवढंच मागणं.

किती दिवस लागतील हे तिने तिच्या रीतीने काढलं होतं. छत न्यायला आलेल्या नावाड्यांना ती विचारायची, एका दिवसात होडी कुठवर जाते? सगळ्यांनी एकच जागा दाखवली, वीटभट्टीचा धक्का. तिने गिरणीवर अंगठा ठेवला आणि हात ताणला, तर करंगळी नेमकी भट्टीवर टेकली. बरोब्बर एक वीत. दोन्हीकडे तिने पेन्सिलीचे बारीक ठिपके दिले, मग पुढे वीत वीत मोजत तळं गाठलं, आणि माझ्या समासात लिहिलं: सात विती. म्हणजे सात दिवस.

दर वर्षी तोच बेत व्हायचा, आणि दर वर्षी शेठ म्हणायचा, या वर्षी नको. त्याने दिलेलं कारण तिने समासात लिहून ठेवायचं, ही त्यांच्यातली थट्टा. 'माल उतरायचाय.' 'छप्पर गळतंय.' 'लेकीचं लग्न.' 'यांचा गुडघा.' मी फळीवर पडून सगळं बघत होतो. गुडघ्याच्या वर्षी शेठ रोज चारदा शिडी चढत होता. खरं कारण समासात कधी आलंच नाही. ते असं, की वसंतात होडीवाले दोर घ्यायला येतात, आणि दुकान दुसऱ्यावर सोपवायला त्याचं मन धजत नव्हतं. त्याचा विश्वास एकाच वस्तूवर होता: गल्ल्याशेजारचा लोखंडी गज. दोर मोजायचा तो गजाने. एक लांब हातांचा उंच नावाडी स्वतःच्या हातांनी दोर मोजून मागायचा. शेठ त्याला म्हणायचा, "राजा, तुझे हात तुझ्या आईवर गेलेत, माझा गज कुणावरच गेलेला नाही." सगळं दुकान हसायचं. बाईसुद्धा हसायची, आणि मग मला घडी घालून ठेवून द्यायची.

एका थंडीत शिवणयंत्रावर खोळ चढली. ती पुन्हा निघाली नाही.

त्यानंतर तीन वसंत मी फळीवर होतो. मला कुणी उघडलं नाही, झटकलंही नाही. नकाशाचं एक असतं: त्याला सगळे रस्ते पाठ असतात आणि जाता एकावरही येत नाही. खालून दोर मोजल्याचा आवाज यायचा, गिऱ्हाईक बोलायचं, शेठ बोलायचा. पण दुकान बंद करून तो मागच्या खोलीत आला, की तिथे कुणीच बोलायचं नाही.

चौथ्या वर्षी थंडी संपता संपता त्याने मला काढलं. टेबलावर पसरलं, कोपरे कड्यांनी दाबले. समासातलं 'सात विती' वाचलं. आणि स्वतःचा पंजा ताणून गिरणीपासून मोजायला लागला.

त्याचा पंजा म्हणजे फावडं. तळ्यावर पोचला तेव्हा पाच झाल्या होत्या. त्याने पुन्हा मोजलं. पाचच. मी घडीघडीतून ओरडत होतो, पण माझा आवाज तो कसला. जन्मभर लोकांना गज दाखवणाऱ्या माणसाने बायकोचा बेत स्वतःच्या हाताने मोजला, आणि पेन्सिलीने माझ्यावर पाच मुक्काम पाडले.

लेक दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची. तिने फोनवर सांगितलं, बाबा, परीक्षा होऊ द्या, मी येते, एकटे जाऊ नका. तो म्हणाला, "तुझ्या परीक्षा संपेपर्यंत वसंत संपतो. आणि पाचच दिवसांचं तर काम आहे. तुझ्या आईचं गणित जरा कच्चंच होतं."

होडीतळाची मालकीण त्याला ओळखत होती. त्याने एकच अट घातली, तिच्या हातचं छत असलेली होडी हवी. तशी एकच उरली होती, तळावरची सर्वांत जुनी, लहानशा इंजिनावर माणसाच्या चालीने जाणारी. मालकिणीने विचारलं, एकटेच? दोर धरायला कोण? शेठ म्हणाला, "बाई, मी तीस वर्षं दोरच धरलाय." त्यातला एकही पाण्यावर धरला नव्हता, हे त्याने सांगितलं नाही. पाच दिवसांनी होडी तळ्यावर सोडायची आणि तिथून पुढचं गिऱ्हाईक चढणार, असं ठरलं. दुकानाला त्याने पहिल्यांदाच पाच दिवसांचं कुलूप लावलं.

काठावरच्या झाडांना कोवळी पानं फुटली होती. पाणी काठोकाठ होतं. छताखाली बाकावर तो बसला, शेजारी मी. दुसऱ्या बाकावर कुणी नव्हतं, तरी चहा ओतताना त्याचा हात एकदा तिकडे वळला आणि परत आला. कालव्याचं पाणी जिथे पायरीसारखं उतरतं, तिथे दोन दरवाज्यांमध्ये होडी उभी करतात आणि पाणी सोडून तिला खाली नेतात. पहिल्या दरवाज्याशी त्याने दोर असा घट्ट बांधला, की पाणी उतरलं तरी होडी वरच लटकायला लागली. दरवाजेवाला म्हणाला, काका, ही पेटी नव्हे, जरा ढील द्या. गाठशेठ पहिल्यांदा गाठ सोडायला शिकला.

पहिल्या संध्याकाळी तो वीटभट्टीच्या धक्क्यावर होता. त्याच्या पाडलेल्या मुक्कामापासून बराच अलीकडे. निघायला उशीर झाला, तो म्हणाला. दुसऱ्या संध्याकाळी तो आणखी मागे पडला, तेव्हा दोष होडीचा. तिसऱ्या संध्याकाळी दोष माझा. "नकाशाच खोटा," म्हणून त्याने मला बाकावर आपटलं. मला काढणाऱ्या त्या हट्टी माणसाच्या प्रामाणिक हाताची मला आठवण झाली. खोटं ठरणं सोसतं एकवेळ. पण दोष द्यायलासुद्धा शेजारी कुणी माणूस नसावं, इतका तो एकटा होता.

तो मुक्काम एका दरवाज्याशी होता, आणि तिथली दरवाजेवाली वयस्क बाई होती. तिने विचारलं, दिवस कसे मोजलेत? शेठने पंजा दाखवला. तिने आपली वीत माझ्यावर टाकली, सहा भरल्या.

"ज्याने सात लिहिलं, त्याचा हात केवढा होता?"

ती गेल्यावर त्याने मला उजेडात धरलं आणि पहिल्यांदाच ते दोन ठिपके पाहिले. गिरणीवरच्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. करंगळी भट्टी ओलांडून कितीतरी पुढे गेली. मग त्याने बोटं हळूहळू आत घेतली. आणखी आत. करंगळी दुसऱ्या ठिपक्यावर आली तेव्हा त्याचा पंजा अर्धा मिटला होता, कुणाचा तरी हात धरावा तसा. पाणी दरवाज्याच्या फटीतून थेंबथेंब गळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दरवाजेवालीच्या फोनवरून होडीतळावर विचारलं, आणखी दोन दिवस मिळतील का? माल उशिरा देणाऱ्यांना तो जसा वळवायचा, तसा गोड आवाज त्याने सुरूही केला होता. मालकीण म्हणाली, "शेठ, पुढे नवीन लग्न झालेलं जोडपं आहे. दोघांनी थंडीपासून दिवस मोजलेत." शेठचा आवाज तिथेच थांबला. म्हणाला, पाचव्या संध्याकाळी मी जिथवर पोचेन, तिथे पाठवा त्यांना. कुणाच्या बेतावर पुन्हा 'या वर्षी नको' लिहिणं त्याला जमेना.

पाचव्या संध्याकाळी त्याने माझ्या समासात लिहिलं: 'पाच विती झाल्या. दोन राहिल्या. वीत माझी लावली, चूक माझी.' त्याच्या सगळ्या कारणांनंतरची ती पहिली खरी ओळ.

सकाळी जोडपं आलं. पोरगी बोलकी, नवरा आरामशीर. शेठने मला त्यांच्या हाती दिलं आणि सगळं सांगितलं, छताचं, तळ्याचं, वितींचं. "तळ्यावर पोचलात की तिथे एक फुली मारा, आणि याला होडीतळावर ठेवा. छत तरी पोचू दे." मग पिशवी उचलून तो काठच्या वाटेने चालू लागला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पोरगी बघत होती.

जोडप्याने एक वीत पार केली. दुसऱ्या वितीच्या मध्यावर, शेवटच्या दरवाज्याच्या अलीकडे, पांढऱ्या फुलांनी लगडलेली झाडं पाण्यावर झुकली होती. दोघांना जागा आवडली. एक दिवस राहिले, मग दुसरा. मग परतायची वेळ झाली. पोरगी मला घेऊन बसली. "अरे, त्या काकांची फुली?" नवरा पडल्या पडल्या म्हणाला, "मार की. कोण बघायला येतंय? म्हाताऱ्याला बरं वाटेल." तिने पेन्सिल उचलली, जरा थांबली, आणि तळ्यावर एक सुबक फुली मारली. शेजारी लिहिलं, 'पोचलो. तळं फार सुंदर आहे.' चांगल्या मनाने लिहिलं. वाईट मनाने लिहिलं असतं, तर मला एवढं जड झालं नसतं.

मालकीण दोर घ्यायला आली तेव्हा मला दुकानात ठेवून गेली. शेठने फुली पाहिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा लवकर दुकान लावून घेतलं. आता मी कापायच्या टेबलावरच असतो, कायम उघडा. रोज संध्याकाळी तो त्या फुलीवर बोट ठेवतो. मी वळणं सांगू शकतो, दरवाजे सांगू शकतो, पण माझ्याच अंगावरची खोटी खूण मला पुसता येत नाही.

पुढच्या वर्षी थंडी ओसरताना लेक आली. सुट्टी काढून, नवे रबरी बूट घेऊन.

"बाबा, राहिलेल्या दोन विती आपण दोघं जाऊ."

"कशाला गं? पोचलं तुझ्या आईचं छत. हे बघ ना." त्याने मला तिच्याकडे सरकवलं. "झालं ते काम."

तिने फुली बघितली. मग त्याच्याकडे बघितलं. दोन दिवस राहून गेली, बूट खोक्यातून न काढता. शेठ फाटकापर्यंत पोचवायला गेला, परत येऊन टेबलापाशी बसला. खोलीत मी आणि तो. छत तळ्याच्या अर्धी वीत अलीकडूनच परतलं होतं, हे आम्हा दोघांत फक्त मला ठाऊक.

म्हणून सांगतो, मंडळी. कधी पाण्यावर गेलात आणि माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला, तर हिशोब खरा ठेवा. अर्धी वीत राहिली असेल, तर अर्धी राहिली असंच लिहा. कुणाला बरं वाटावं म्हणून ती पुरी करू नका. त्या राहिलेल्या अर्ध्या वितीसाठीच तर माणूस पुन्हा घराबाहेर पडतो.