वाढायला जागा

रक्तपेढीतून तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा इस्पितळाचे संगणक सांभाळणारा तो पडद्यासमोरच बसला होता. रक्तपेढीचा सर्व्हर बंद पडला होता, कुणाला कोणती बाटली जुळते याच्या नोंदी आत अडकल्या होत्या, आणि जिला रक्त हवं होतं ती वरच्या मजल्यावर बाळंतपणाच्या टेबलावर होती. ती त्याचीच मुलगी होती.

दोष शोधायला लांब जायला नको होतं. इस्पितळातले सगळे आभासी सर्व्हर एकाच साच्यातून निघाले होते आणि तो साचा त्याने बनवला होता. सिस्टिमच्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या कप्प्याला, चाळीस जीबी, वर कणभर नाही. सहकाऱ्याने शंभर सुचवले तेव्हा तो हसून म्हणाला होता, "तेव्हाचं तेव्हा बघू." अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा त्याचा धर्मच. घरीही त्याने पाळणा पलंग आणि कपाटाच्या मध्ये, बोटभर फट ठेवून मोजून बसवला होता. "बाबा, बाळ वाढणार आहे हो," मुलगी म्हणाली, तर उत्तर तेच.

दर महिन्याचे अपडेट साचत गेले आणि आज चाळीस जीबी भरून सर्व्हर बसला. त्याने घाईने डिस्क वाढवली, पण नवी जागा मिळाली पार टोकाला आणि मध्ये माहितीचं पार्टिशन भिंतीसारखं आडवं. ते सरकवायला वेळ कुठला? शेवटी ती डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडून तो जुन्या अपडेटच्या फायली उडवत बसला.

"दादा, अजून किती वेळ?" रक्तपेढीतल्या बाईंनी विचारलं.

"झालंच," तो खोटं बोलला. जन्मात देवापुढे न वाकलेला माणूस, पडद्यापुढे हात जोडून रडत होता.

सर्व्हर उठला. बाटल्या वर गेल्या. मुलगी वाचली, बाळ गेलं. बाळ आधीच गेलं होतं, उशिरामुळे काही झालं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याने मान डोलावली. पटलं मात्र नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने नवा साचा केला, शंभरचा. एवढी जागा रिकामीच राहील, म्हणून साहेब कुरकुरले. "राहू दे," तो म्हणाला.

घरी पाळणा अजून जागेवरच होता. त्याने बाही वर सारली आणि एकट्यानेच कपाट ढकलायला सुरुवात केली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आता कशाला?" तिने हळूच विचारलं.

पाळण्यापासून हातभर जागा मोकळी होईपर्यंत तो कपाट ढकलत राहिला.