शेवटच्या माशाची खुर्ची

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी थंडी अशी पडली की समुद्राच्या तोंडातून वाफा निघायला लागल्या. पाण्यात अजून शरद ऋतू रेंगाळत होता आणि हवेत फेब्रुवारी येऊन बसला होता. दोघांचं पटेना, म्हणून मध्ये हा धूर. त्या धुरात अन्सेल्मो फुर्तादो कमरेइतक्या पाण्यात उभा होता. छातीपर्यंतची रबरी विजार, बायकोने विणलेले दोन स्वेटर, त्यावर मेव्हण्याचा तेलकट कोट. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या त्या पुळणीवर लांबून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ढगात म्हातारा रोवलाय, वसंतात उगवेल.

गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता. दोन-चार फेकी झाल्या की दोरी अडायची. मग अन्सेल्मो काठीचं टोक तोंडात धरून बर्फ चोखून काढायचा. बायको ओदेत असती तर म्हणाली असती, "घरात पाव चावत नाही आणि इथे काठ्या चोखतोस होय?"

पण ओदेत एप्रिलात गेली होती.

अंगावर काळ्या रेघा ओढलेला पट्टेरी बास मासा नोव्हेंबरात हेरिंग माशांच्या थव्यामागे दक्षिणेला निघतो. शहाणी माणसं तेव्हा गऱ्या धुऊन माळ्यावर टाकतात. या गावात शहाणी माणसं फारशी नव्हती. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी सूर्य बुडताना दुआर्ते आपल्या आमिषाच्या दुकानाबाहेरची पितळी घंटा वाजवायचा, आणि घंटेआधी मोसमातला शेवटचा बास जो आणेल, त्याला दुकानातल्या शेगडीजवळची खुर्ची मिळायची. आख्खा हिवाळा. खुर्चीला पाठ शेकून मिळे हे खरं, पण खरी गंमत पुढे होती: खुर्चीवरचा माणूस गोष्ट सांगत असला की त्याला कोणी 'खोटं' म्हणायचं नाही. माशाला पंख फुटले म्हणाला तरी माना डोलवायच्या.

अन्सेल्मोला ती खुर्ची हवी होती. आधीही त्याने ती जिंकली होती, पण ती हौस होती. यंदाची गोष्ट वेगळी. लग्न झाल्यापासून तो रोज रात्री जेवताना समुद्राच्या गोष्टी सांगायचा, आणि ओदेत चुलीकडे तोंड करून, मागे वळूनही न बघता, पळी भांड्याच्या काठावर आपटायची: "थापा!" की गोष्ट पुढे सरकायची. आता तो एकटाच जेवायचा. एकदा गोष्ट सुरू करून पाहिली, तर भिंतीने ऐकून घेतली. मुकाट्याने. त्या मुकाटपणाला तो असा घाबरला की सूप तसंच टाकून झोपायला गेला. हिवाळाभर त्या भिंतीसमोर बसायचं, की दुकानात चार माणसांत, एवढाच प्रश्न होता.

तूर्त खुर्चीवर हक्क होता पोस्टमन क्लॅरन्सचा. त्याने रविवारी एक हातभर पिल्लू आणलं होतं, आणि आपल्या गुडघ्याच्या दुखण्याची साद्यंत कहाणी हिवाळ्यात सांगणार असं जाहीरही केलं होतं. गावावर सावट पसरलं होतं.

सूर्य धुरामागे पिवळ्या बटणासारखा लोंबत असताना दोरी ओढली गेली.

आधी वाटलं, तळ लागला. मग तळ चालायला लागला. अन्सेल्मोने टाच रेतीत रुतवली, काठी कमानीसारखी वाकली आणि रीळ कण्हायला लागलं. मासा दक्षिणेला निघाला होता आणि म्हाताऱ्यालाही बरोबर न्यायचा त्याचा विचार दिसत होता. किती वेळ गेला कोण जाणे. धुरात वेळ दिसत नाही. वाफेत एक शेपटी उभी राहिली, केवढी म्हणाल तर चर्चच्या दाराएवढी. (दारं दोन असतात, त्यातल्या एकाएवढी म्हणू.) शेवटी एका लाटेने मासा उचलून वाळूवर आणून ठेवला, अगदी अलगद, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. खवल्यांवर संध्याकाळ चमकत होती. मासा अन्सेल्मोकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

आता सोटा काढायचा, डोक्यात एक घालायचा आणि दुकानाची वाट धरायची. अन्सेल्मोने कमरेच्या सोट्याला हात घातला, तेवढ्यात धुरातून खोकला ऐकू आला.

तो खोकला सगळ्या गावाला पाठ होता. शेजारची हेप्सी अल्मी. दीपगृहवाल्याची विधवा. गरवण्यात, म्हणजे गळाने मासे धरण्यात, पुरुषांच्या नाकावर टिच्चून असायची आणि आठवड्यातून चार वाक्यं बोलायची, त्यातली दोन मांजराशी.

आता इतर कुठल्या गावातला माणूस ओरडला असता, "बघ काय मिळालंय!" पण इथे मासा कुठे लागला हे सांगण्यापेक्षा माणूस दात काढून देईल. जागा कळली की पुढच्या वर्षी तिथे जत्रा. म्हणून इथली रीत अशी, की कोणी येताना दिसलं की मासा वाळूत पुरायचा, वर बूट फिरवायचे आणि चेहरा पाडायचा. अन्सेल्मोचे हात आपोआप कुत्र्यासारखे चालायला लागले. दोरी तोडली, खड्डा झाला, मासा गेला, वाळू सारखी झाली. सोटा कमरेलाच राहिला.

"काय गं हेप्सी, काही लागलं?" त्याने पडका चेहरा करून विचारलं.

"शेवाळ," हेप्सी म्हणाली. "तुला?"

"सर्दी."

अन्सेल्मो आपल्या माशाच्या डोक्याशी बसला, सहज बसल्यासारखा. हेप्सीने आजूबाजूला बघितलं, वाळूत काठी खुपसली आणि त्याच्यापासून पाच-सहा पावलांवर तीही बसली.

"गार वाळूवर बसू नये या वयात," अन्सेल्मो म्हणाला. "गुडघे धरतात."

"मग तू ऊठ की."

"माझे गुडघे बरे आहेत. तुझ्यासाठी सांगतोय."

"माझ्या गुडघ्यांना खुर्ची मिळणार आहे."

"मासा कुठाय पण?"

"मासा येईल." हेप्सीने थर्मास उघडला. आत त्याच्याच घरचं केल भाजीचं सूप असावं तसा वास आला. "ओदेतने शिकवलं होतं. लसूण जास्त झालाय."

दोघांनी एकाच झाकणातून आळीपाळीने सूप घेतलं. बर्फाची भुरभुर सुरू झाली. पाण्यावर पडणारा बर्फ आवाज करत नाही असं म्हणतात. त्या दिवशी करत होता, खूप लांब कोणी कागद चुरगाळावा तसा. सीगल उडायचा कंटाळा करून चालत घरी निघाले होते, एकामागे एक.

"तुझं घर फार शांत झालंय," हेप्सी एकाएकी म्हणाली. तिचं स्वयंपाकघर अन्सेल्मोच्या स्वयंपाकघरासमोर होतं, मध्ये एक कुंपण. "मला झोप लागत नाही."

अन्सेल्मोने झाकण पुसून तिला परत दिलं. ही पुढच्या आठवड्याची वाक्यं आज खर्च करतेय, एवढंच त्याच्या मनात आलं. आणि ही उठत का नाही? सूर्य ढळतोय, दुआर्ते घंटेच्या दोरीला हात घालून उभा असेल. हिला घरी काम नाही?

तेवढ्यात वाळू हलली.

अगदी सावकाश. त्याच्या खालची पुळण वर आली, थांबली, आणि पुन्हा खाली गेली, झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा तशी. अन्सेल्मोने श्वास रोखला. वाळूने रोखला नाही. वर. खाली. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून हेप्सीकडे पाहिलं. हेप्सीही वर गेली आणि खाली आली. दोघं एकाच तालात, होडीत बसल्यासारखे. तीही समोर समुद्राकडेच बघत होती, चेहरा असा कोरा की त्यावर पत्ता लिहून पोस्टात टाकावा.

तेव्हा अन्सेल्मोला उलगडलं. बाईही शेवाळ सांगून बसली होती. तिचाही मासा तिच्याखालीच होता, बहुधा अन्सेल्मो यायच्या आधीपासून पुरलेला, आणि तिनेही घाईत सोटा घातला नव्हता. ती तो उठायची वाट बघत होती आणि तो ती उठायची.

"भरती येतेय," तो म्हणाला.

"येऊ दे," ती म्हणाली.

पहिली लाट बुटांना लागली. दुसरी मांडीपर्यंत आली. दोघंही उठले नाहीत. उठलं तर मासा दाखवावा लागला असता, दाखवला तर जागा गेली असती. आणि नाही उठलं तर खुर्ची जात होती. अशा पेचात या गावची माणसं बसून राहतात.

तिसरी लाट मोठी होती. ती दोघांच्या मागपर्यंत गेली, वाळू सैल झाली, आणि त्यांच्यामधून दोन शेपट्या वर आल्या. मासे दचकले नाहीत, धडपडले नाहीत. वाळूखालच्या उबेत पाण्याची स्वप्नं बघत पडले होते, आणि आता पाणी आलं म्हणून उठले, एवढंच. शेजारी शेजारी, पट्ट्याला पट्टा लावून, दोघं उथळ पाण्यातून निघाले. पाण्यावरच्या धुराने त्यांच्यासाठी वाट केली. शेवटी एकाने तोंड वळवलं. त्यात अन्सेल्मोने आमिष म्हणून लावलेला लाकडी मासा अजून अडकलेला होता, लाल डोक्याचा. मग नुसता धूर.

अन्सेल्मोला हात लांब करता आला असता. का केला नाही, हे त्याला कधी सांगता आलं नाही. झोपेतून उठून चाललेल्याला कोण अडवतं?

"शेवाळ," काठी उपटत हेप्सी म्हणाली.

"मोठं होतं," अन्सेल्मो म्हणाला.

चिंब कपड्यांनी, काठ्यांना टेकत, दोघं टेकडी चढून दुकानात पोचले तेव्हा दुआर्तेने घंटेची दोरी धरलीच होती. आत शेगडी लालबुंद. क्लॅरन्स खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, आणि गुडघा चोळत होता.

"काय काका, रिकामे?" दुआर्तेने विचारलं.

आता एक जुना नियम होता. आपल्या माशाबद्दल आपला शब्द कवडीमोलाचा. पण निसटलेल्या माशाची साक्ष दुसऱ्या गरवणाऱ्याने दिली तर तो मासा हिशेबात धरायचा, कारण दुसऱ्याचा मासा मोठा करून सांगणारा माणूस अजून जन्मला नव्हता.

अन्सेल्मोने हेप्सीकडे पाहिलं. तिने एक वाक्य बोलायचं होतं, एकच. ती शेगडीकडे बघत होती. बोलण्याची सवय त्याला होती, तिला नव्हती. तो गप्प राहिला तर क्लॅरन्सचा गुडघा. तो बोलला तर खुर्ची तिची. घंटेची दोरी ताणली गेली.

"थांब रे," अन्सेल्मो म्हणाला. "हिने मासा धरला होता. मी पाहिलाय."

दुआर्तेने दोरी सैल सोडली.

"किती?"

"किती?" अन्सेल्मोने हात पसरले, मग ते पुरेनात म्हणून दारापर्यंत चालत गेला. "तो वाळूत झोपला होता तेव्हा पुळण वरखाली होत होती. आम्ही दोघं त्याच्या श्वासावर बसलो होतो. उठला तेव्हा भरती दोन बोटं उतरली. आणि जाताना... जाताना त्याने काही नासवलं नाही. नुसता गेला."

कोणी हसलं नाही. दुआर्तेने हेप्सीला विचारलं, "बाई, तुम्ही काकांचा मासा पाहिलात का?"

हेप्सीने ओल्या बाह्या पिळल्या.

"धुकं होतं," ती म्हणाली.

घंटा वाजली. हेप्सी क्लॅरन्सच्या हाताखालून जाऊन खुर्चीवर बसली आणि पाय शेगडीला लावले. अन्सेल्मोला वाटलं, आपण एवढं ओतलं आणि या बाईने झाकण लावलं. तो दाराकडे वळला. बाहेर अंधारत होतं आणि घरात भिंत वाट बघत होती.

"ए," हेप्सी म्हणाली. "बादली ओढ."

"काय?"

"ती आमिषाची बादली. पालथी कर आणि बस." मग दुकानाकडे बघत तिने त्या महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं: "खुर्ची माझी, पण मला बोलायचा कंटाळा आहे, माझ्या वाटचं हा बोलेल, रोज."

क्लॅरन्स म्हणाला, "हे नियमात बसतं का? मग त्याला खोटं म्हणायचं की नाही?"

दुआर्तेने डोकं खाजवलं. "नियम खुर्चीला आहे. बादलीला नाही."

अन्सेल्मो बादलीवर बसला. स्वेटरमधून वाफ निघत होती. चार माणसं वाकून ऐकायला लागली. त्याने घसा साफ केला.

"तर त्या दिवशी थंडी अशी होती," तो म्हणाला, "की सीगल चालत घरी गेले. मी स्वतः पाहिलं. पुढच्याच्या हातात कंदील होता."

हेप्सीने मागे वळूनही न बघता लोखंडी चिमटा शेगडीच्या काठावर आपटला.

"थापा!"

अन्सेल्मो थांबला. शेगडीत एक लाकूड कोसळलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने डोळे पुसले, धुरामुळे.

"कंदील नव्हता," तो म्हणाला, आणि बादली जरा पुढे सरकवली. "मेणबत्ती होती."