पुठ्ठ्याची खिडकी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसायचे असेल तर आताच हसून घ्या. आहे मी एक जुना पुठ्ठा, मधोमध आगपेटीएवढी खिडकी असलेला. पण एका प्राचार्यांना मी खुर्चीतून उठवले आहे, बरं का!

माझा जन्म गांधीबागेच्या कापडबाजारातला. तिथून शामलाबाईंनी साडी घेतली आणि तिच्या खोक्याच्या झाकणातून ब्लेडने मला कापले. ही १९७४ सालची गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजात त्या दर शनिवारी सिनेमा कसा पाहावा हे शिकवत. कॅमेरा कुठून आणणार? मग मीच कॅमेरा झालो. मला डोळ्याशी धरले की अख्खे मैदान दिसे, तो लाँग शॉट. हात लांब केला की खिडकीत एकच चेहरा मावे, तो क्लोज-अप. तळहाताने झाकायचे, दुसरीकडे वळवायचे, पुन्हा उघडायचे, की झाला कट. माझे कोपरे दुमडले, पण काय रुबाब होता माझा!

काटोलहून येणारी विद्यार्थिनी भागीरथा तर मला बसमध्येही सोडत नसे. या वर्गावर तिचा भारी जीव.

आणि एके दिवशी प्राचार्य मधुकररावांनी फर्मान काढले, सिनेमाचे चाळे बंद. भागीरथा मला घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेली.

"क्लोज-अप म्हणजे काय, सांग बरं," ते म्हणाले.

पोरगी उत्तर द्यायला गेली, पण पाठ केलेली व्याख्या काही केल्या आठवेना. शेवटी तिने मलाच पुढे केले.

"सर, तुम्हीच पाहा न."

मधुकरराव कुरकुरत मला घेऊन खोलीच्या खिडकीशी आले. बाहेर ओट्यावर शिपाई धोंडबा घंटा वाजवत होता. भागीरथेने हात लांब करायला सांगितले. माझ्यात धोंडबाचे रापलेले हात दिसले. मग कट. आता त्याची पावले, अनवाणी, एप्रिलच्या तापल्या फरशीवर. मधुकरराव कळवळले.

"धोंडबा, इतक्या उन्हात अनवाणी काहून गा?"

"चप्पल हाय न जी, ओट्याखाली ठेवली. घंटीले चप्पल घालून हात नाही लावत मी."

"सर, आता हात डोळ्याजवळ घ्या," भागीरथा हळूच म्हणाली. सगळा ओटा माझ्यात मावला, आणि त्याखाली नीट मांडलेली चपलांची जोडीही. "मघाशी या चपला पुठ्ठ्याच्या खिडकीबाहेर राहिल्या होत्या."

मधुकररावांनी पुन्हा हात लांब केला, पुन्हा जवळ घेतला. "म्हणजे पेपरातल्या फोटोतही असं होत असेल?"

"होते न सर. तेच तर शिकून राहिलो आम्ही."

पुढच्या शनिवारी वर्ग भरला, आणि पहिल्या बाकावर वही घेऊन कोण बसले होते? स्वतः मधुकरराव! त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की पुठ्ठा फाटतो की काय असे वाटले.

आज आठ वर्षांनी मी काटोलच्या शाळेत, भागीरथाबाईंच्या वर्गात खिळ्याला टांगलेला आहे. मित्रांनो, मला भिजवू नका, कोपरे ओढू नका, पण खिळ्यावरून काढा जरूर. आणि कोणी नुसती अनवाणी पावले दाखवून तुम्हांला रडवू लागला, तर डोळे पुसायच्या आधी विचारा, चपला कुठे आहेत?