‘छान होता’ म्हणणारी वहिनी आणि मी

मित्रांनो, टीव्हीखालच्या खणात, वायरींच्या गुंत्यात जो काळा ठोकळा दिसतोय ना, तो मी. व्हिडिओ गेमचा जुना कंट्रोलर. त्यातही दोन नंबरचा. एक नंबरचा निळा आहे, माझ्यासोबत एकाच खोक्यातून आला आणि आजही नवरदेवासारखा मिरवतो. त्याच्याविषयी मला फारसं बोलायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी माझी सगळी बटणं दाबून पाहिली, दोन्ही जॉयस्टिक गरागरा फिरवल्या आणि “हा ठीक आहे” असं म्हणून मला पुढे ढकललं. आयुष्यात मिळालेलं ते माझं पहिलं प्रशस्तिपत्र. दुसरं अजून यायचं आहे.

या घरी आलो तेव्हा घरातला थोरला मुलगा, म्हणजे दादा, शाळेत होता. शर्यतीच्या गेममध्ये त्यानं मला इतकं पिळलं, की माझ्या अंगावरची अक्षरं पुसली गेली. त्याच्या धाकट्या बहिणीनं माझ्यावर लिंबाचं सरबत सांडलं. ती घरभर गिरक्या घेत फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. त्या सरबतानं माझी डावी जॉयस्टिक जी बिघडली ती कायमची. मला कुणी हात लावो न लावो, माझा खेळाडू आपला डावीकडे चालू लागतो. डावीकडे खड्डा असला तर खड्ड्यात. तेव्हापासून घरच्यांनी निळ्याला धरलं आणि मला पाहुण्यांसाठी राखून ठेवलं. पाहुणे हरत गेले, घरचे खूश होत गेले.

पण माझी खरी किंमत शनिवारी दुपारी असते. त्या दिवशी घरात सगळे मिळून एक सिनेमा बघतात, नाहीतर गेम खेळतात, आणि नंतर प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. पूर्वी सगळे एकदम बोलायचे. बाबा कुलूपवाले, दिवसभर किल्ल्या घासायच्या यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. आई शाळेची बस चालवते, तिच्या आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. शेवटी आईनंच नियम केला: “ज्याच्या हातात हा काळा कंट्रोलर, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी तोंडं बंद.” त्यामुळे मित्रांनो, मी इतकी मतं ऐकली आहेत, की एखादा समीक्षकही कंटाळून संन्यास घेईल.

बाबा सिनेमात फक्त दारं बघतात. नायकानं केसातल्या पिनेनं तिजोरी उघडली, की ते मला मुठीत आवळून म्हणतात, “साफ खोटं! हे कुलूप मला उघडायला अर्धा दिवस लागतो.” आईला पाठलाग आवडत नाहीत. परवाच्या सिनेमात हवालदारानं भर बाजारातून गाडी उडवली, तर ती म्हणाली, “वळताना हात नाही, दिवा नाही, कसला हा हिरो?” भिंगरीचं मत दर वेळी नव्यानं सुरू होतं आणि मूळ गोष्टीपेक्षा लांब असतं. दादा सिनेमा सुरू होताच झोपतो आणि तरीही मत देतो. माझं स्वतःचं म्हणाल, तर हल्लीच्या गेममध्ये मारामारी फार. मला तो गोगलगायीचा गेम आवडतो. एक गोगलगाय घरोघरी टपाल वाटते, एवढंच. धक्का नाही, बुक्की नाही. पण मला विचारतो कोण?

तर अशा घरात वहिनी आली, दादाची बायको. दातांच्या दवाखान्यात काम करते. घाबरलेल्या माणसांना “अजिबात दुखणार नाही हं” असं दिवसभर हसून सांगायचं, हेच तिचं काम. पहिल्याच शनिवारी बाबांनी शेजाऱ्याकडून एक भुताचा सिनेमा आणला होता. सिनेमा संपल्यावर मला वहिनीच्या हातात देऊन बाबांनी विचारलं, “काय, आवडला ना?”

“छान होता,” वहिनी म्हणाली.

तिचे तळहात घामानं चिंब झाले होते, हे फक्त मला कळलं. बाबांना मात्र एवढंच कळलं, की सूनबाईंना भुतं आवडतात. मग काय! पुढच्या शनिवारी हडळ आली. त्याच्या पुढच्या शनिवारी विहिरीतली बाई आली, मग त्याच बाईचा दुसरा भाग. दर वेळी “आवडला ना?” आणि दर वेळी “छान होता.”

आता गंमत ऐका. भुतं या घरात कुणालाच आवडत नव्हती. बाबा भीतीच्या प्रसंगाला चष्मा काढून पुसत बसायचे. आई विणकामात मान खुपसायची. भिंगरी उशीआड असायची. पण नव्या माणसाच्या आवडीला मोडता कोण घालणार? सगळे मूग गिळून घाबरत होते. मी मधोमध पडून हे बघत होतो आणि मनात चरफडत होतो.

गेमच्या वेळीही तेच. वहिनीला मी मिळायचो. तिची गोगलगाय पहिल्याच पुलावरून डावीकडे, थेट नदीत. “भिंगरीताई, मलाच जमत नाही हो,” असं म्हणून ती हसायची. मला फार लाज वाटायची.

मग एका शनिवारी सगळे चहाला आत गेले आणि वहिनी मला हातात धरून बहिणीशी फोनवर बोलली. “शनिवार आला की नको वाटतं गं. पुढच्या महिन्यापासून शनिवारची दुपारची ड्यूटीच मागून घेतलीय. छे, सांगू कसं? बाबा इतक्या हौसेनं आणतात.” मित्रांनो, माझं काळीज हललं. ही बाई या घरातली होण्याआधीच शनिवारातून निघून चालली होती, आणि का, हे कुणाला कळणारही नव्हतं.

तिचा शेवटचा शनिवार उजाडला. बाबांनी खास विहिरीतल्या बाईचा तिसरा भाग आणला. सिनेमा लागला तो आमच्याच गेमच्या यंत्रावर. वहिनीचं मत पहिलं, म्हणून मी आधीच तिच्या हातात. विहिरीतून एक ओला हात वर आला. वहिनीनं मला असं आवळलं, की माझं मधलं बटण खोल दाबलं गेलं आणि मी घर्रर्र करून थरथरलो. मुद्दाम केलं का? मला विचारू नका.

वहिनी किंचाळली. मी तिच्या हातातून उडालो आणि बाबांच्या मांडीवर पडलो. बाबा तिच्याहून मोठ्यानं किंचाळले आणि पाय वर घेऊन सोफ्याच्या पाठीवर चढले. आईची विणकामाची सुई हातातून सुटली. भिंगरी टेबलाखाली गेली. दादा झोपेतून उठून म्हणाला, “छान होता.”

आईनं सिनेमा थांबवला. मग मला उचलून वहिनीच्या हातात ठेवलं. “बोल,” ती म्हणाली.

“छान...” वहिनीनं सुरुवात केली आणि थांबली. “नव्हता. छान नव्हता, आई. एकही छान नव्हता. मला भुतांची भयंकर भीती वाटते. रात्री पाणी प्यायला उठायची माझी हिंमत होत नाही.”

“अगं, मग मी हे आणत कुणासाठी होतो?” बाबा सोफ्याच्या पाठीवरून ओरडले.

“कंट्रोलर नाही तुमच्या हातात!” आई म्हणाली. बाबांनी तोंडावर हात ठेवला. मग हळूच एक बोट वर करून त्यांनी परवानगी मागितली आणि विचारलं, “मग तुला आवडतं तरी काय?”

हा प्रश्न या घरात तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

“गोगलगाय,” ती म्हणाली. मला इतका आनंद झाला, काय सांगू! पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. “फक्त हा कंट्रोलर अगदी टाकाऊ आहे. सारखा डावीकडे ओढतो.”

मित्रांनो, महिनोन्‌महिने मी ज्या खऱ्या मताची वाट पाहिली, ते आलं ते थेट माझ्या डोक्यावर. भिंगरी टेबलाखालून बाहेर आली, तिची मान खाली होती. “तो बिघडलेलाच आहे, वहिनी. आम्ही तो पाहुण्यांना देतो.” मग तिनं निळा आणून वहिनीच्या हातात दिला आणि मला स्वतःकडे घेतलं.

गेम लागला. पुलावर पोचताच भिंगरीच्या गोगलगायीनं डावीकडे वळून वहिनीच्या गोगलगायीला धडक दिली. टपालासकट दोघी नदीत.

“अगं ए भिंगरे!” वहिनी सोफ्यावरून उठून ओरडली. “डोळे आहेत का बटणं? सगळं टपाल बुडवलंस की माझं!”

मग आई हसत सुटली, आणि वहिनीनं दवाखान्यात फोन करून शनिवारच्या दुपारऐवजी सोमवारची ड्यूटी मागितली.

तेव्हा मित्रांनो, सरबताचे हात आम्हाला लावू नका, आम्हाला फेकू नका, हे तर आहेच. पण घरात कुणी नवं आलं, तर ‘आवडलं ना?’ असं विचारू नका. त्याला एकच उत्तर असतं. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारा, आणि मग दम धरून ऐका. उत्तरात तुमचीच निंदा निघाली, तरी ऐका. मी ऐकली. जरा लागली, पण छान होती.