टाळीसाठी ठेवलेली जागा

मर्ना पास्को त्या रविवारी थिएटरात जायला तयारच नव्हती. "मला कशाला नेतोस? धिंड काढायची राहिलीय का माझी?" असं तिने नवऱ्याला सकाळपासून दोनदा ऐकवलं होतं. पण कीथचा उत्साह विचारू नका. सत्तरी उलटलेला, गुडघे कामातून गेलेला माणूस, आणि आरशासमोर टायवर टाय बदलतोय!

"अगं, लोक बदललेत आता," तो म्हणाला. "सिडनीत पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जॅसिंताने स्वतः फोन करून सांगितलं."

"वरातीमागून घोडं," मर्ना म्हणाली आणि इस्त्री बंद केली.

ही जॅसिंता सिडनीच्या एका फिल्म संग्रहालयात काम करणारी तरुण मुलगी. तिला कुठल्या तरी डब्यात कीथचा जुना सिनेमा 'शिफ्ट सुटली' सापडला, तिने तो साफसूफ करून शहराशहरांत दाखवला, आणि आता जिथे तो काढला होता त्या खाणीच्या गावी, ब्रोकन हिललाच घेऊन आली होती.

मुळात 'शिफ्ट सुटली' हे गाण्यांचं नाटक. खाणीतल्याच लोकांनी हौसेने बसवलेलं. कीथ दिवसा खाणीत फिटर आणि संध्याकाळी दिग्दर्शक. मर्ना नायिका. खाणीच्या फाटकाशी बाई नवऱ्याची वाट बघत उभी असते, शिफ्ट सुटते, सगळे वर येतात, एक तोच येत नाही, आणि ती गाते. त्या गाण्याला हॉल असा दणाणायचा की पत्रे उडतील. एवढं बघून सिडनीच्या एका निर्मात्याला वाटलं, याचा सिनेमा काढू. आणि काढला तोही कीथलाच दिग्दर्शक करून! स्वस्तात पडत होता ना.

कीथने मग ती चूक केली. नाटकवाल्यानेच करावी अशी चूक. प्रत्येक गाणं संपलं की त्याने सिनेमात टाळ्यांसाठी जागा सोडली. गाणं थांबलं, नट तसेच उभे, धापा टाकतायत, कॅमेरा चालू.

"कापू का?" कॅमेरावाला दर वेळी विचारायचा.

"कापतोस काय! लोकांना टाळ्या वाजवायला वेळ नको?"

अॅडलेडच्या पहिल्या खेळाला मर्नाचं गाणं संपलं. पडद्यावर घराएवढी मर्ना उभी, छाती वरखाली होतेय, आणि सगळा हॉल गप्प. कुणीतरी खोकलं. कुणी खुदकन हसलं. मग मागच्या रांगेतून एकाने टाळी वाजवायला सुरुवात केली, संथ, एकेक करून, मैदानावर एखाद्या फुकट गेलेल्या खेळाडूला चिडवायला वाजवतात तशी. सगळ्या हॉलने ती उचलली. पुढच्या प्रत्येक गाण्याला तेच. सकाळी पेपरात आलं, की हा सिनेमा हात पसरून दारात उभा राहतो. आठवड्यात तो उतरला.

परतताना दोघं गाडीने येत होते. वाटेत युन्टा गावी पेट्रोल भरायला थांबले. मर्ना हातात खिम्याची गरम पॅटी घेऊन गाडीला टेकली होती. कीथ नळी धरून उभा, आकडे फिरताना बघत म्हणाला, "जागा बरोबर होती. गाणंच टाळी मिळवण्याजोगं झालं नाही."

मर्नाने ते ऐकलं आणि पॅटी संपवली. वाद घालायचा प्रश्नच नव्हता. कीथचा कान म्हणजे कान, अख्खं गाव मानायचं. कीथ म्हणाला म्हणजे तसंच असणार.

तिने गाणं सोडलं. चर्चमध्ये ओठ हलवायची. लग्नाकार्यात कुणी आग्रह केला की घसा धरायची. नातवाच्या वाढदिवसाला सगळे गात असताना ही स्वयंपाकघरात सुरी शोधत असायची. शाळेच्या कॅन्टीनमध्ये तीसेक वर्षं पावाला लोणी लावलं आणि, खोटं कशाला सांगा, ती दुःखी नव्हती. आपल्याला येत नाही, वेळेवर कळलं, सुटलो. देवाने दिलंच नाही त्यासाठी कोण रडत बसतं?

दुपारी थिएटर भरलं. शेजारची ग्लेनिस तिच्या बाजूला येऊन बसली. सिनेमा सुरू झाल्याबरोबर तिने कोपर मारलं. "बाई बाई, काय कंबर होती गं तुझी! कुठे ठेवलीस?"

"कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये," मर्ना म्हणाली. "गप्प बस आता."

फाटकाचं गाणं आलं तेव्हा मर्नाने डोळे मिटून घेतले. पण कान कसे मिटणार? ती ऐकत राहिली. एखाद्या परक्या बाईचं गाणं ऐकावं तसं. आता आवाज फाटेल, आता सूर घसरेल, म्हणून ती वाट बघत होती. वरच्या ओळीला तरी नक्की पडेल. कुठेच पडला नाही. तो आवाज सरळ वर गेला, तिथे थांबला, आणि मर्नाच्या दंडावर काटा आला.

तिला तेव्हाच कळलं. टाळ्या व्हायच्या आधीच.

गाणं संपलं. तिने डोळे उघडले. पडद्यावर ती बाई फाटकाकडे बघत उभी होती, धापा टाकत, आता काय करायचं हे न कळून. या वेळी कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही. ग्लेनिस तिचा हात घट्ट धरून रडत होती. ती सोडलेली जागा संपत आली तशा टाळ्या उठल्या, खऱ्या, दोन्ही हातांच्या, थांबेचनात.

मी चांगली गात होते. अरे देवा, मी चांगली गात होते! मर्नाला आनंद नाही झाला, धडकी भरली. कालपर्यंत ती वाईट गाणारी शहाणी बाई होती. आता ते सगळं एका चांगल्या गाणाऱ्या बाईचं वाया गेलेलं आयुष्य झालं. वर्षं तीच, पाव तेच, लोणी तेच. हे कुणी कशाला सांगितलं मला, असं तिच्या मनात आलं. मरेपर्यंत राहिले असते की मी तशीच.

खेळ संपल्यावर कीथला पुढे बोलावलं. माइक हातात आला आणि म्हातारा वीस वर्षांनी तरुण झाला. "मी पहिल्यापासून सांगतोय, त्या जागेत खोट नव्हतीच! लोकांना थांबायचं ठाऊक नव्हतं!" हशा, पुन्हा टाळ्या.

बाहेर चहा होता, लॅमिंग्टन केक होते. जॅसिंता मर्नाकडे आली. "मर्ना, सगळे मला एकच विचारतात. एवढा आवाज, आणि तुम्ही नंतर गायलातच नाही. का हो?"

"संसार, पोरंबाळं," कीथने मधेच उत्तर दिलं. "आणि हिलाच आवड उरली नाही. मी किती म्हणायचो!"

मर्नाने कप खाली ठेवला. "कीथ, युन्टाला तू मला काय म्हणाला होतास?"

"कुठे?"

"युन्टा. अॅडलेडहून येताना. पेट्रोल भरत होतास."

"आपण गाडीने आलो होतो? मला वाटतं विमानाने आलो."

"गाडीने आलो. तू म्हणालास, जागा बरोबर होती, गाणंच टाळी मिळवण्याजोगं झालं नाही."

कपाळाला आठ्या घालून त्याने खरंच आठवून पाहिलं. "मी? तुला? असं मी का म्हणेन गं? तुझ्यासारखं गाणारं या गावात दुसरं होतं कोण?" त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. मग फोटोसाठी कुणीतरी हाक मारली आणि तो टाय नीट करत तिकडे गेला.

तो खोटं बोलत असता तर तिने त्याला तिथेच, गावासमोर, कानफटात दिली असती. पण तो खोटं बोलत नव्हता. तिच्या आयुष्याचा निकाल सांगून तो माणूस पेट्रोलचे पैसे द्यायला आत गेला होता, आणि बाहेर येईपर्यंत विसरला होता.