एक गल्ली पश्चिमेला

जगातल्या सगळ्या देशांनी आपापले नकाशे एकत्र आणून एकच सामाईक, अचूक नकाशा करायचा असं ठरलं, तेव्हा सर्वांत आधी समिती झाली. समितीच्या पोटात उपसमिती झाली, आणि सीमेलगतचे नकाशे जोडणाऱ्या उपसमितीवर एका सर्वेक्षण खात्याचे संचालक गेले. खात्यात त्यांना अचूकराव म्हणत. भाषणात दर दुसऱ्या वाक्याला 'अचूक' म्हटल्याशिवाय त्यांना श्वासच घेता येत नसे.

अचूकरावांचं खातं पिढ्यान्‌पिढ्या खोटे नकाशे छापत आलं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, सुरक्षेचं काम होतं ते. बाहेर द्यायच्या नकाशात सीमेवरचं अख्खं गाव एक गल्ली पूर्वेला सरकवायचं, म्हणजे कुणी नेम धरलाच तर तो चुकावा. पलीकडच्या देशाला हे पक्कं ठाऊक होतं. नकाशा हाती पडला की ते मुकाट्याने सगळं गाव एक गल्ली पश्चिमेला ओढून घेत आणि कामाला लागत. तेही आपला नकाशा असाच सरकवून पाठवत, आणि अचूकरावांचं खातं तो असाच ओढून घेई. लबाडीला लबाडी भेटत होती, म्हणून रस्त्याला रस्ता आणि नळाला नळ सीमेवर बिनबोभाट भेटत होते.

मग करार झाला. यापुढे प्रत्येकाने खरा नकाशा द्यावा, हे त्यातलं पहिलंच कलम. दोन्ही देशांनी सह्या केल्या, हात मिळवले, फोटो काढले, आणि कुणाची दृष्ट लागली कोण जाणे, खरोखरच खरे नकाशे दिले. वर परस्परविश्वास म्हणून यांचा तुकडा जोडायचं काम त्यांच्याकडे आणि त्यांचा यांच्याकडे सोपवलं. स्वतःची लबाडी दोघांनी सोडली. दुसऱ्याची लबाडी दुरुस्त करायची सवय मात्र कुणीच सोडली नाही.

या नकाशावर दोन देशांना जोडणारा नवा रस्ता आखला गेला. तो जायचा होता जुन्या गोदामांच्या गल्लीतून. मोजणीवाले यंत्र घेऊन आले आणि नकाशातल्या आकड्यांवर बोट ठेवून त्यांनी खुंट्या ठोकल्या त्या एक गल्ली पश्चिमेला, एका लाँड्रीच्या पोटातून. लाँड्री अचूकरावांच्या थोरल्या बहिणीची.

"बाळ्या," ताईने फोन केला, "तुझी माणसं माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली खुंटी ठोकून गेलीत. वर लाल रिबीन. माझं उद्घाटन आहे का?"

"ताई, काहीतरी घोटाळा असेल. रस्ता गोदामांतून आहे."

"ते मला नको सांगू, खुंटीला सांग. पुढच्या महिन्यात पाडायला येणार म्हणतायत. तुझ्या कॉलेजच्या फीसाठी मी इथेच लोकांच्या चादरी धुतल्यात, विसरलास?"

"अगं, मी आहे ना! समितीत एक शब्द टाकतो, की झालं."

चूक शोधायला अचूकरावांना फार वेळ लागला नाही. खोटा नकाशा कसा करतात, हा त्यांचा एकमेव अभ्यासाचा विषय होता. उपसमितीच्या बैठकीआधी त्यांनी पलीकडच्या संचालकांना कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

"तुम्ही आमचा तुकडा सरकवलात?"

"अर्थात. नेहमीप्रमाणे."

"अहो, आम्ही या वेळी खरा दिला होता!"

पलीकडच्यांचा कप ओठांपाशी थांबला. "खरा? मग सांगायचं नाही का?"

"करारात लिहिलंय की!"

"करारात लिहिलेलं कोण खरं धरतं हो?" ते मनापासून दुखावले होते. "इतक्या वर्षांचे आपले संबंध. नुसता डोळा मारला असतात तरी पुरे होतं." मग त्यांचा चेहरा उतरला. "थांबा. आमचा तुकडा तुम्ही…"

"सरकवला."

"आम्हीही खराच दिला होता."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललेल्या माणसांना लाज कुठे ठेवायची ते समजत नाही.

"तुमच्याकडे रस्ता कशातून जातोय?" अचूकरावांनी विचारलं.

"तळ्यातून. तळं काय, बुजवू. तुमच्याकडे?"

"माझ्या बहिणीच्या लाँड्रीतून."

"अरेरे. सख्खी?"

"सख्खी."

"अरेरे."

"मग आत जाऊन सांगून टाकू. एका वाक्याचं काम आहे."

"कुठलं वाक्य? वर्षानुवर्षं तुम्ही खोटे नकाशे दिलेत, हे? की आम्ही तुमच्या सहीला काडीची किंमत दिली नाही, हे?" पलीकडच्यांनी कप खाली ठेवला. "शिवाय बाईंच्यानंतर अध्यक्ष तुम्हीच होणार म्हणतात. बघा बुवा. बहीण तुमची, खुर्चीही तुमची."

बाई म्हणजे उपसमितीच्या अध्यक्ष. त्यांच्या देशाच्या चारी बाजूंना समुद्र होता. शेजारी म्हणून कुणी नसल्यामुळे शेजाऱ्यांच्या भांडणातल्या जाणकार म्हणून त्यांची निवड झाली होती. छोटे झेंडे, पाण्याच्या बाटल्या आणि कानाला लावायची यंत्रं यांवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, "जोडलेल्या नकाशाच्या अचूकतेबद्दल कुणाला काही शंका?"

अचूकरावांनी माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. पलीकडच्या संचालकांनी छताकडे पाहिलं. अचूकरावांनी घसा साफ केला, आणि तो अतिशय उत्तम साफ झाला.

"अचूकता," ते म्हणाले, "अचूक आहे."

टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात लाँड्री पडली.

ताई भरपाईचा अर्ज घेऊन रस्त्याच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"हे बघा बाई, रस्ता इथून. तुमची लाँड्री ही इथे, एक गल्ली पश्चिमेला. तुम्हाला तर धक्कासुद्धा लागत नाही."

"अहो, तिथे शाळेचं मैदान आहे! लाँड्री पाडली, मी समोर उभी होते."

"पाडलं ते गोदाम. नकाशात स्पष्ट आहे."

"गोदामात कपडे धुवायची मशीन कशी आली मग?"

"ते गोदामवाल्यांना विचारा," कारकून म्हणाला. "त्यांनी भरपाई घेतली, काही बोलले नाहीत."

गोदामवाला बोलणार कशाला? त्याचं गोदाम जागच्या जागी होतं. भरपाई हातात पडल्यापासून आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, तर तो अंगावर धावून जात असे.

अचूकरावांची अध्यक्षपदी निवड झाल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी ते घरी पोचले, तर हॉलमधला सोफा गॅलरीत होता. सोफ्याच्या जागी मशीन गडगडत होतं, पंख्यापासून खिडकीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या, आणि मधोमध टेबल मांडून ताई इस्त्री करत होती. त्यांची बायको गिऱ्हाइकांना पावत्या फाडून देत होती.

"ताई, हे काय?"

"दुकान."

"इथे? अगं, हॉल आहे हा!"

"तुझ्या कचेरीत विचार. माझं दुकान पडलेलंच नाही, मैदानावर ठणठणीत उभं आहे. तेव्हा हे तुला दिसतंय ते माझं नसणार. ज्याचं असेल त्याच्याकडे तक्रार कर."

अचूकरावांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे नका बघू," ती म्हणाली. "मी कामाला लागलेय इथे. ताई निदान दिलेला शब्द पाळतात."

"मी काय करणार होतो, ताई? देशाचा प्रश्न होता." अचूकरावांनी बॅग उघडून पांढरा शर्ट काढला. "बरं, ते जाऊ दे. एवढा शर्ट करून दे. उद्या सूत्रं घ्यायची आहेत, सगळे देश येणारेत."

ताईने शर्ट घेतला, कॉलर उलटून पाहिली आणि ढिगाच्या तळाशी ठेवला.

"परवा मिळेल."

"परवा? अगं, उद्या सकाळी हवाय!"

"मग वेळेवर तोंड उघडायचं होतंस," ताई म्हणाली, आणि तिने भावजयीने पुढे केलेली चादर टेबलावर पसरली.