पंख्यावरची मखमल

धर्माने कॉम्प्युटरचं कॅबिनेट काउंटरवर आदळलं, तशी काउंटरची काच तडकली.

"उघड! माझ्यासमोर उघड!"

फर्डिनंडने वर पाहिलं. धर्माच्या सुजलेल्या गालावर चार बोटं उमटली होती. दोघांची मैत्री दहा वर्षांची. फर्डिनंड-सेलिनच्या लग्नाचं शूटिंग धर्मानेच केलं होतं. पुढे धर्माचा स्टुडिओ नावारूपाला आला, पुढाऱ्यांच्या घरची लग्नं मिळू लागली, त्यांच्या माणसांत त्याची ऊठबस वाढली. फर्डिनंड मात्र गोखिवऱ्याच्या त्याच गाळ्यात कॉम्प्युटर जोडत राहिला.

दोन महिन्यांपूर्वी धर्माच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. सकाळी लग्न, संध्याकाळी रिसेप्शनला त्याचीच फिल्म पडद्यावर. मांडवातच फिल्म कापून जोडायला काखेत मावेल एवढी मशीन हवी होती आणि प्रोसेसर मात्र बाजारातला सगळ्यात दांडगा.

"अरे, तो प्रोसेसर म्हणजे पेटती शेगडी. ती बुटाच्या खोक्यात ठेवायला सांगतोयस," फर्डिनंड म्हणाला होता. पण कामाने त्यालाच झपाटलं. पंखा आत मावेना, म्हणून त्याने झाकणाला गोल भोक पाडलं, कानशीने कडा घासल्या, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा तांब्याचा बुटका हीटसिंक बसवला आणि बाहेरची गार हवा थेट त्यावर ओढणारा रुंद पंखा झाकणावर लावला. दोन दिवस मशीन अखंड चालवून पाहिली. देताना बजावलं, "ह्याच्यावर काही ठेवू नकोस. पंखा गुदमरला की मशीन बंद पडणार."

आणि काल कामणला, एका रेती कंत्राटदाराच्या मुलीच्या लग्नात ती बंद पडली. पडद्यावर सप्तपदी चालू असताना. पुन्हा लावली, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी कंत्राटदाराने व्याह्यांसमोर धर्माच्या कानाखाली वाजवली.

फर्डिनंडने झाकण काढलं. पात्यांत झेंडूच्या पाकळ्या पिंजून अडकल्या होत्या, आणि लाल मखमलीचे धागे.

"कपडा कोणी टाकला, धर्मा?"

धर्माने ते धागे झटकून टाकले.

"वर फुलांचं तबकपण ठेवलंस?"

"मग? उघडा पंखा बरा दिसतो मांडवात?"

"मी सांगितलं होतं तुला."

"कोनाला शिकवतो रे?"

पहिल्या ठोशाने फर्डिनंडचं नाक फुटलं. तो मागच्या रॅकवर कोसळला, मॉनिटर खाली येऊन फुटला. उठून त्याने धर्माची कॉलर धरली आणि डोकं त्याच्या तोंडावर हाणलं. धर्माचा ओठ फाटला. तसा त्याने फर्डिनंडचा उजवा हात काउंटरवर दाबून धरला, दुसऱ्या हाताने ते लोखंडी कॅबिनेट उचललं आणि बोटांवर हाणलं. एकदा. हाडाचा आवाज दोघांनीही ऐकला. तरी त्याने दुसऱ्यांदा हाणलं.

मग त्याने कॅबिनेट टाकलं आणि पळत सुटला.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. "दोन बोटं सरळ होणार नाहीत. बारीक काम विसरा," ते म्हणाले.

बाहेर बाकावर सेलिन रडत नव्हती. तिला भीती वाटत होती. "तक्रार नको रे. त्याची माणसं उद्या गाळा पेटवतील. पोरींना घेऊन कुठे जायचं?"

फर्डिनंडने प्लास्टरमधला हात छातीशी धरला. "माझी चूक असती तर गप्प बसलो असतो गं," तो म्हणाला आणि उठला. ती पदर सावरत त्याच्या मागे निघाली.

चौकीतल्या हवालदाराने सगळं लिहून घेतलं, पण धर्माचं नाव येताच पेन थांबवलं. "मोठी ओळख आहे त्याची. मित्र ना तुमचा? मिटवून टाका."

"लिहा. धर्मा."

हवालदाराने सुस्कारा सोडला, लिहिलं, आणि प्लास्टरकडे बघून शाईचा पॅड पुढे सरकवला. "डाव्या हाताचा अंगठा लावा. चालतं."

फर्डिनंडने पॅड बाजूला केला. डाव्या हाताने पेन मागून घेतलं. कागद सरकत होता. सेलिनने तो दोन्ही हातांनी धरला.

'फ' काढायलाच त्याला मिनिट लागलं. अक्षर लहान पोराचं वाटावं असं, रेघेबाहेर गेलेलं. हवालदाराने घड्याळाकडे पाहिलं. फर्डिनंडने मान वर केली नाही. नाव लांबलचक होतं, फर्डिनंड पास्कू तुस्कानो, आणि तो ते पूर्ण लिहीत होता.